नेपाळीत भुताला भूतच म्हणतात, पण तेवढ्यानं भागत नाही

प्रश्न रत्नागिरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचा आहे. त्यांच्या शाळेत आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं येतात. दुसरीतला एक मुलगा आठवडाभर आला नाही, म्हणून बाई चौकशीला बागेत गेल्या. आई म्हणाली, “छोरालाई मसान लाग्यो, सातो पनि गयो.” पाचवीतली थोरली बहीण मराठी बोलते. तिनं जमेल तसं सांगितलं, “त्याला मसण लागलं, सात पण गेले.” बाईंनी त्यातले ‘मसण’ आणि ‘गेले’ एवढेच शब्द धरले. घरात काही तरी मोठा घात झाला असं समजून दुसऱ्या दिवशी शाळेतले दोघं जण भेटायला गेले, तर मुलगा खोपीबाहेर बसून भात खात होता. मग कळलं की प्रकरण मरणाचं नव्हे, भुताचं आहे. आता त्या विचारतात, नेपाळीत भुताला नेमकं काय म्हणतात, आणि त्यांचं भूत म्हणजे आपलंच भूत का?

बाई, फसलेल्या तुम्ही एकट्या नाही. मी बावीस वर्षं नेपाळी आणि मराठीच्या मध्ये दुभाष्याचं काम करते, आणि माझी पहिली घोडचूक याच गल्लीतली होती. ती सांगतेच.

आधी सरळ उत्तर. नेपाळीत भुताला भूत म्हणतात. लिहितात आपल्यासारखंच, बोलताना ‘भू’ लांबवत नाहीत, ‘भुत’ असं तोडून म्हणतात. अनेकवचन ‘भूतहरू’. शब्द संस्कृतातून दोन्हीकडे आलेला, मूळ अर्थ ‘झालेलं, होऊन गेलेलं’. भूतकाळातलं भूत ते हेच. नेपाळी वर्तमानपत्रात माजी मंत्र्याला ‘भूतपूर्व मन्त्री’ छापतात, ते सुरुवातीला वाचताना मला उगाच हसू यायचं. आपल्याकडेही हा शब्द होता, ‘माजी’नं तो मागे टाकला.

इथवर सगळं सोपं. घसरायला होतं ते शेजारच्या शब्दावर. नेपाळीत ‘भूतप्रेत’ हा जोडशब्द आपल्यासारखाच सर्रास चालतो, पण त्यातलं प्रेत सुटं झालं की मराठी माणूस खड्ड्यात जातो. मराठीत प्रेत म्हणजे मढं. नेपाळीत मढ्याला लास, मुर्दा किंवा शव म्हणतात. प्रेत म्हणजे देह सोडलेला, पण अजून पितरांत न पोचलेला जीव, म्हणजे भुताचाच सख्खा भाऊ. मी नवशिकी असताना एका पोलीस ठाण्यात मला राखणदाराच्या जबाबासाठी बोलावलं होतं. बागेतल्या पंपाची चोरी झाली होती आणि त्या रात्री हा गडी जागेवर नव्हता. तो म्हणाला, “घरपछाडि प्रेत देखेँ, डराएर भागेँ.” मी सरळ सांगून टाकलं, “घरामागे प्रेत दिसलं, घाबरून पळालो.” लिहून घेणाऱ्या हवालदारांनी पेन खाली ठेवलं. पुढचा तासभर बॅटऱ्या घेऊन विहीर, झाडी, गडगा सगळं पालथं घातलं गेलं. पंपाची चोरी राहिली बाजूला, खुनाचा तपास सुरू व्हायची वेळ आली होती. तो बिचारा मला पुन्हा पुन्हा सांगत होता, “लास होइन दिदी, प्रेत, प्रेत!” आणि मी पुन्हा पुन्हा तेच भाषांतर करत होते.

ही चूक माझी, शंभर टक्के. पण गंमत अशी की शास्त्रानं बघितलं तर शब्दाचा जुना अर्थ नेपाळीनं जपलाय आणि बदल केलाय मराठीनं. ‘प्र’ म्हणजे पुढे, ‘इत’ म्हणजे गेलेला. पुढे निघून गेला तो प्रेत. आपण मागे उरलेल्या देहालाच ते नाव देऊन टाकलं.

हा ‘निघालाय पण पोचला नाही’ असा जीव समजला, की नेपाळी हिंदूंच्या भुताचं अर्धं कोडं सुटतं. क्रियाकर्मं आपल्यासारखीच तेरा दिवसांची. क्रियेला बसणाऱ्या मुलाला ‘क्रियापुत्री’ म्हणतात. तो पांढरं वस्त्र नेसून घरातल्या एका कोपऱ्यात वेगळा बसतो, एक वेळ स्वतःच्या हातानं शिजवून अळणी खातो, त्याला कुणी शिवत नाही. वर्षभर पांढरं नेसण्याची चालही आहे, तिला ‘बरखी बार्नु’ म्हणतात. हे सगळं कशासाठी, तर प्रेताला गती मिळावी, त्याचा पितर व्हावा. नाही झाला तर तो ‘अगति परेको’. आपणही ‘त्याला गती मिळाली नाही’ असंच म्हणतो. आपण दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघत ताटकळतो, आणि नेपाळात तिहारचा, म्हणजे तिकडच्या दिवाळीचा, पहिला दिवसच कावळ्याचा, ‘काग तिहार’. यमाचा निरोप्या म्हणून त्याला त्या दिवशी खाऊ घालतात.

ही समजूत खेडवळ माणसांचीच आहे असं वाटत असेल तर २००१ सालचा जून आठवा. १ जूनच्या रात्री नारायणहिटी राजवाड्यात राजा वीरेंद्र आणि राजघराण्यातली माणसं मारली गेली. अकराव्या दिवशी ‘कट्टो’ नावाचा विधी झाला. एका वृद्ध ब्राह्मणाला दिवंगत राजाच्या वस्तू अंगावर घालायला दिल्या, ब्राह्मणाला वर्ज्य असलेलं जेवण जेवायला दिलं, हत्तीवर बसवलं आणि बागमती ओलांडून काठमांडू खोऱ्याच्या बाहेर काढलं. पूर्वीच्या काळी त्या जेवणात खरोखर मृत राजाच्या देहाचा अंश घालत, असं सांगतात. राजाचं प्रेतत्व त्या ब्राह्मणानं आपल्यावर घ्यायचं आणि राजधानी सोडून जायचं, असा हा हिशेब. वीरेंद्रांनंतर तीन दिवस नावापुरता राजा राहिलेला त्यांचा मुलगा दीपेंद्र, त्याच्यासाठीही काही दिवसांनी तेच पुन्हा झालं. एका देशाच्या सरकारी कारभारात भुताची बोळवण करण्याचं कलम होतं आणि जगभरच्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आपणही तेराव्याला छत्री, काठी, चपला दान देतोच. फरक हत्तीचा.

सामान्य माणसाची सोय वेगळी. ‘बाला चतुर्दशी’ला पशुपतीच्या परिसरात त्या वर्षी माणूस गमावलेली घरं रात्रभर दिवा लावून जागतात आणि पहाटे मृगस्थलीच्या रानात ‘शतबीज’, म्हणजे निरनिराळी धान्यं, पेरत चालतात. आपल्या तिथीनं ही कार्तिक वद्य चतुर्दशी. तिकडच्या भाद्रपदात ‘गाईजात्रा’ असते, आपल्या हिशेबानं नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस. वर्षभरात कुणी गेलं असेल तर त्या घरानं गाय किंवा गाईचं सोंग घेतलेलं पोर मिरवणुकीत पाठवायचं, म्हणजे मेलेला तिची शेपटी धरून वैतरणी तरतो. मुलाच्या मरणानं खचलेल्या राणीला दुसऱ्यांचंही दुःख दिसावं म्हणून सतराव्या शतकात राजा प्रताप मल्लानं ही जत्रा मोठी केली, अशी कथा सांगतात. त्यात विदूषकी, टवाळी, राज्यकर्त्यांची नक्कल असं सगळं चालतं.

आता तुमच्या बागेतल्या वाक्याकडे वळू. त्यात नामापेक्षा क्रियापद महत्त्वाचं आहे. नेपाळीत भूत ‘लाग्छ’. भोक लाग्यो म्हणजे भूक लागली, जाडो लाग्यो म्हणजे थंडी वाजली, माया लाग्यो म्हणजे जीव लागला, रक्सी लाग्यो म्हणजे दारू चढली, आणि भूत लाग्यो. सगळ्याला एकच क्रियापद. माणूस काही करत नाही, त्याच्या बाबतीत घडतं. मराठी कानाला यात नवल वाटायचं कारण नाही. भूक, नजर, ठेच आणि भूत आपल्यालाही लागतातच. पण नेपाळी एक पाऊल पुढे जाते. या ‘लागण्या’वरूनच तिनं ‘लागोभागो’ असा शब्द बनवलाय. माणसाला जे जे काही लागू शकतं त्या सगळ्याची ही मोट, त्यात भूत, मसान, रुसलेला देव, कुणी केलेली करणी, सगळं येतं. आपण देवाला आणि भुताला दोन वेगळ्या खात्यांत टाकतो, निदान बोलताना तरी. नेपाळी म्हातारी ते एकाच गाठोड्यात बांधते. काही तरी लागलंय, काय लागलंय ते नंतर बघू.

दुसरं क्रियापद ‘तर्साउनु’, घाबरवणं. “त्यो घरमा तर्साउँछ रे.” शब्दशः ‘त्या घरात घाबरवतं म्हणे’. कोण घाबरवतं? कर्ताच नाही. तिन्हीसांजेला नाव घ्यायचं नाही म्हणून आपण ‘त्याला बाहेरचं आहे’ म्हणतो, त्या आडपडद्याचं हे नेपाळी रूप. भाषांतरात ‘त्या घरात भूत आहे’ असं ठोकून दिलं की वाक्यातली सगळी भीती पळते. भूत आहे असं तो म्हणालाच नव्हता.

आणि त्या वाक्याच्या टोकाला जो ‘रे’ आहे, तो नीट ऐका. मराठी कानाला तो हाक मारल्यासारखा वाटतो, ‘घाबरवतं रे बाबा!’ नेपाळी ‘रे’ म्हणजे आपलं ‘म्हणे’. “भोलि पानी पर्छ रे” म्हणजे उद्या पाऊस पडणार म्हणे. ऐकीव गोष्टीला लावायचं ते शेपूट. मी ऐकलेल्या नेपाळी भूतकथांपैकी बहुतेक या एका अक्षरावर उभ्या आहेत. सांगणारा स्वतः काही बघत नाही, मामाच्या गावच्या कुणाला तरी दिसलेलं असतं रे. एखादा नेपाळी माणूस ‘रे’ न लावता भुताबद्दल बोलला तर मी वही बंद करते आणि त्याच्याकडे बघते. तो आता गोष्ट सांगत नसतो.

भुतांच्या जाती पुष्कळ. मसान हे तुमचं. आपल्याकडे मसण ही जागा, नेपाळीत मसान ही जागाही आणि तिथलं भूतही. नदीकाठ, घाट, ओढ्याचा संगम अशा ठिकाणी ते राहतं आणि लहान मुलांना, दगदगलेल्या बायकांना लागतं. नेपाळात दहन बहुधा नदीकाठीच होतं, म्हणून मसान कायम पाण्याजवळचं. मुलगा कुठल्या तरी ओढ्यावर गेला होता का, हे आईला विचारा, उत्तर बहुधा हो येईल. आपल्या कोकणातला गिऱ्हाही पाण्यातलाच, पण तो बुडवतो. मसान बुडवत नाही, घरापर्यंत सोबत येतं.

मुर्कट्टा म्हणजे मुंडकं तुटलेलं धड, लढाईत किंवा अपघातात तसं मेलेल्याचं. राँके भूत म्हणजे ‘राँको’, मशाल, घेऊन हिंडणारं. डोंगराच्या उतारावर रात्री दिव्यांची माळ सरकताना दिसली की पोरांना घरात घेतात. वेताळाची पालखी आणि तिचे पलिते ज्यानं लहानपणी ऐकलेत त्याला हे वेगळं समजवायला नको. वनझाँक्री तर धड भूतही नाही. बुटका, केसाळ, रानातला गुरू. तो पोरांना गुहेत पळवून नेतो आणि मंत्र शिकवून परत पाठवतो. त्याची बायको मात्र त्या पोरांना खायला टपलेली असते. अनेक झाँक्री, म्हणजे नेपाळी मांत्रिक, आपली विद्या अशीच मिळाली असं सांगतात.

किचकन्यावर थोडं थांबते, कारण तिच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. कुणी किचकन्नी म्हणतं, कुणी किचकन्डी. देखणी तरुण बाई, पाय उलटे, एकट्या पुरुषाला गाठते आणि तो दिवसेंदिवस वाळत जातो. मराठीत ‘हडळ’ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. मी तसं करत नाही. आपली हडळ कुरूपही असते, झाडावरही बसते, मुख्य काम भीती घालणं. किचकन्याच्या गोष्टीत भीतीआधी मोह आहे. तिची ओढ एका हाडाशी असते. चितेवर न जळता उरलेला एक तुकडा, तो शोधत ती फिरते, आणि तो ज्याच्या हाती लागला त्याच्या ती ताब्यात राहते, असं सांगतात. अपुऱ्या दहनाचं, अर्धवट राहिलेल्या क्रियेचं हे भूत आहे. शहरात आल्यावर तिनं टॅक्सी पकडायला सुरुवात केली. काठमांडूच्या रात्रीच्या चालकांकडे एक तरी गोष्ट असतेच: पांढऱ्या साडीतली बाई, मागची सीट, आणि उतरायच्या ठिकाणी आरशात कुणीच नाही. रे.

भूत हा शब्द सगळ्या नेपाळचा आहे असंही धरून चालू नका. २०२१ च्या जनगणनेत तिथे १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या आणि नेपाळी मातृभाषा असणारे ४५ टक्क्यांच्या आसपास. शेर्पांचा ‘नेर्पा’ आणि काठमांडू खोऱ्यातल्या नेवारांचा ‘ख्याः’ यांना भूत म्हणणं म्हणजे मुंजाला आणि खवीसाला एकाच नावानं हाक मारणं.

ख्याः मला फार आवडतो. गुबगुबीत, माकडासारखा केसाळ, जुन्या नेवारी घराच्या माळ्यावर किंवा अंधाऱ्या कोठारात राहणारा. गोरा ख्याः घराला बरकत देतो, काळा खोड्या काढतो. नेवारी लक्ष्मीच्या चित्रात देवीच्या पायाशी ख्याः आणि ‘कवं’, म्हणजे सांगाडा, असे दोघे धन राखत बसलेले असतात. दिवाळीला ज्या चित्राची पूजा करायची त्यातच भूत आणि सांगाडा! आपल्या लक्ष्मीपूजनात असं काही काढून दाखवा. ख्याःला उजेड सोसत नाही. वीज आली तसे ख्याः गेले असं म्हातारी माणसं म्हणायची. पुढे नेपाळात दिवसाला सोळा तासांपर्यंत भारनियमन सुरू झालं तेव्हा माझी काठमांडूची घरमालकीण म्हणाली होती, ख्याःचे पुन्हा बरे दिवस आलेत. २०१६ च्या तिहारपासून राजधानीत अखंड वीज मिळू लागली, त्यामुळे आता त्याचं काय झालं कोण जाणे.

याच नेवारांचा ‘गठेमंगल’ किंवा घंटाकर्ण चतुर्दशी ही मराठी माणसानं मुद्दाम बघावी अशी. तिकडच्या पंचांगानं श्रावण कृष्ण चतुर्दशी, आपल्या अमान्त पंचांगानं आषाढ वद्य चतुर्दशी, म्हणजे दिव्याच्या अवसेचा आदला दिवस. रोपणी संपलेली, चिखलानं अंग भरलेलं, डास आणि तापाचे दिवस. चौकाचौकांत बोरू आणि पेंढ्याचा मोठा राक्षस उभा करतात. त्याचं नाव घंटाकर्ण, कारण विष्णूचं नाव कानावर पडू नये म्हणून तो कानांत घंटा बांधून फिरायचा. त्याला कुणी आवरेना तेव्हा बेडकानं दलदलीत नेऊन बुडवलं, अशी कथा. पोरं येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडवून पैसे मागतात, संध्याकाळी राक्षसाला ओढत नदीवर नेतात. घराच्या दारावर लोखंडी खिळा ठोकतात, बोटात लोखंडी अंगठी घालतात, घर धुऊन धुरी देतात, आणि अंधार पडल्यावर बाहेर पडत नाहीत. लोखंडाचं आपल्याला सांगायला नको, बाळंतिणीच्या उशाखाली कोयता किंवा सुरी ठेवणारे आपणच. मला कुणी गठेमंगल ‘अंधश्रद्धा’ म्हणून एका शब्दात उडवला की वाईट वाटतं. पावसाळ्यात वर्षातून एकदा सगळ्या गावानं घर, गल्ली आणि गटार एकाच दिवशी साफ करायचं, हे ठरावानं होत नाही. राक्षसानं होतं.

नेवार वस्त्यांच्या चौरस्त्यावर ‘छ्वास’ नावाचा दगडही दिसेल. मेलेल्याचे कपडे, बाळाची नाळ असलं सगळं तिथे टाकतात. चौरस्ता ही भुतांची जागा, हे आपल्याकडेही तसंच. तिठ्यावर टाकलेला उतारा, हळदकुंकू लावलेलं लिंबू, त्याला वळसा घालून शाळेत जाणारी तुमची पोरं. नेपाळीत या उतारा टाकण्याला ‘मन्साउनु’ म्हणतात.

मात्र तुमच्या बागेतली माणसं बहुधा काठमांडूकडची नाहीत. कोकणातल्या बागांवर येणारी अनेक कुटुंबं नेपाळच्या पश्चिम टोकाची, डोटी, अछाम, कैलाली, बर्दिया या जिल्ह्यांतली असतात. ख्याः त्यांना ऐकूनही माहीत नसेल. त्यांच्याकडे भुताला बढतीही मिळते. अकाली किंवा अन्यायानं मेलेला माणूस ‘वायु’ होऊन त्रास देतो आणि त्याला ठाणं बांधून दिलं, पूजा लावून दिली, की गावाचा राखणदार होऊन बसतो. त्याच्या वतीनं धामी, म्हणजे तिकडचा भगत, अंगात घेऊन बोलतो. पिंपळावरच्या मुंजाला पार बांधला की त्याचा मुंजोबा होतो, तोच हा रस्ता.

आता ‘सातो’. बहिणीनं ‘सात गेले’ केलं ते हेच. सातो म्हणजे माणसातला तो चंचल जीव, जो दचकलं की उडून जातो. विशेषतः मुलांचा. पोर पडलं, कुत्रं अंगावर आलं, ओढ्यात पाय घसरला, की सातो तिथेच राहतो आणि पोर तेवढं घरी येतं. मग ते झोपेत दचकतं, जेवत नाही, किरकिरतं. ‘सातोपुत्लो उड्नु’ हा तर साधा बोलीतला वाक्प्रचार, आपण पाचावर धारण बसली म्हणतो तसा. याचा उपाय म्हणजे ‘सातो बोलाउनु’. झाँक्री ढ्याङ्ग्रो वाजवत, मुलाचं नाव घेत, ज्या जागी ते दचकलं तिथून त्याचा सातो हाका मारून परत आणतो. ढ्याङ्ग्रो म्हणजे दोन्ही बाजूंनी मढवलेलं, कोरीव मुठीचं ढोलकं, वाकड्या काठीनं वाजवायचं. मोठ्या झाँक्रींचा मेळा जनै पूर्णिमेला गोसाईंकुंडासारख्या उंचावरच्या जागी भरतो, आपण त्याच दिवशी समुद्राला नारळ देतो.

हे सगळं ऐकून तुम्ही आईला दटावायला जाऊ नका. तिनं तुम्हाला आजाराची लक्षणं सांगितली आहेत, फक्त तिच्या भाषेत. एवढ्या वर्षांत मी माझ्या वहीत एक पान केलंय. ‘सातो गयो’ म्हटलं की झोप आणि भूक विचारायची, कशाला घाबरला ते विचारायचं. ‘मसान लाग्यो’ म्हटलं की ताप आणि जुलाब विचारायचे, कारण पाण्याजवळून आलेलं मूल आहे. आणि ‘रुन्चे लाग्यो’ म्हटलं तर एक दिवसही न थांबता मुलाचं वजन करायचं. रुन्चे म्हणजे सतत रडणारं, वाळत चाललेलं मूल. दुसऱ्या तशाच मुलाची किंवा गरोदर बाईची सावली पडली म्हणून असं होतं अशी समजूत आहे, पण समोर बसलेलं पोर कुपोषित असतं. अंगणवाडीच्या ताईंनी हा एक शब्द पाठ केला तरी पुष्कळ झालं. नेपाळात आरोग्य कार्यक्रमांनी झाँक्रींनाच शिकवून पाहिलं: तुमचा मंत्र म्हणा, सोबत ‘जीवनजल’ही पाजा. जीवनजल म्हणजे तिथली क्षारसंजीवनीची पुडी. झाँक्रीला हाकललं तर माणसं त्याच्याकडे लपून जातात, सोबत घेतलं तर तो दवाखान्याची वाट दाखवतो.

एका शब्दाशी मात्र मी अशी सलगी करत नाही: ‘बोक्सी’. म्हणजे चेटकीण. भूत मेलेलं असतं, बोक्सी जिवंत असते आणि बहुधा शेजारची विधवा, म्हातारी, गरीब बाई असते. तिथे ‘लाग्यो’चं बोट एका माणसाकडे वळतं. नेपाळनं २०१५ मध्ये बोक्सीचा आरोप करणं हाच गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा केला. आपला जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला. बागेत कधी हा शब्द ऐकलात तर तो लोककथेचा म्हणून ऐकू नका, कुणाबद्दल बोलतायत ते विचारा आणि पुढे कळवा.

नेपाळीत एक म्हण आहे, “वनको बाघले खाए नखाए मनको बाघले खान्छ.” रानातला वाघ खाईल न खाईल, मनातला नक्की खातो. आपल्या ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ची ही पहाडी बहीण. मुलाच्या आईला ती सांगू नका, तिला ती तुमच्याआधीपासून माहीत आहे. तिला विचारा, “कहाँ तर्सियो?” कुठे घाबरला? ती बरंच बोलेल. तिच्या वाक्याचं मराठी माझ्या मते असं: “पोराला ओढ्यावर कशाची तरी बाधा झाली, तेव्हापासून ते धसकलंय.” आपलं ‘धसकणं’ सातोच्या जितकं जवळ जातं तितकं दुसरं काही जात नाही. आणि हजेरीपटावर कारण लिहायचं असेल तर ‘आजारी’ लिहा, तेही बरोबरच आहे.